बारा चित्रांचं बाळ

१ जानेवारी १९५४, पहाटे ५ (घड्याळ थोडं पुढे आहे, म्हणजे मागे आहे. सात वाजलेत.)

नवं वर्ष, नवी डायरी, नवा माणूस. रोज पहाटे पाचला उठणे. बारा सूर्यनमस्कार. चहा एकच कप. आणि मुख्य म्हणजे पुस्तक. लहान मुलांसाठी रंगीत चित्रांचं पुस्तक, नाव ‘बाळ मोठं होतं’. पाळणा, बारसं, कुशीवर वळणं, बसणं, पहिला दात, उष्टावण, रांगणं, उभं राहणं, जावळ, पहिलं पाऊल, पहिला शब्द आणि शेवटी पाटी घेऊन शाळेत. बारा चित्रं, प्रत्येकाखाली दोन ओळी. मुलांना उंदीर-मांजराच्या गोष्टी सगळेच देतात. त्यांचं स्वतःचं घर, आई, त्यांचं मोठं होणं, हे चित्रात कुणी दाखवतंय? मी दाखवणार. चिंचवडच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरला आज कुणी विचारत नाही. पाडव्यानंतर विचारतील.

पाडव्याला पुस्तक पुरं. पाडव्यालाच चि. विद्याधरला घरी आणायचं. हे पक्कं.

चि. विद्याधर सध्या शेजारी आहे. स्वतःच्याच डायरीत खुलासा कशाला, पण पुढे कुणी माझं चरित्र लिहिलं तर त्याची अडचण नको. आमची आधीची दोन मुलं महिन्याच्या आत गेली. म्हणून तिसऱ्याच्या वेळी शालनने हट्ट धरला की पाचवीला मूल सुपात घालून शेजारच्या नूरबीच्या पदरात द्यायचं. नशिबाला वाटावं, हे यांचं नव्हेच. मग वर्षाने सूपभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचं. धान्य देईल त्याचं मूल, असा रिवाज आहे. कोंडा एवढ्यासाठी, की पोर कवडीमोलाचं आहे असं सगळ्यांना वाटावं. मी म्हणालो, हा अडाणीपणा आहे. शालन म्हणाली, असू दे.

मूल वाचलं; दिलं ते नावापुरतं, राहिलं शालनपाशीच. दिवाळीनंतर शालन गेली, चार दिवसांच्या तापात. पोर तीन महिन्यांचं. नूरबीची जमिला अजून अंगावर पीत होती, नूरबीने यालाही अंगावर घेतलं. म्हणून तिच्याकडे आहे. तात्पुरता.

ते लोक त्याला कोंडू म्हणतात. घरी आला की ते बंद.

८ जानेवारी

चित्र पहिलं, पाळणा. दोऱ्या चारही वेगवेगळ्या लांबीच्या झाल्या. पुन्हा.

नूरबी कुंपणाशी येऊन म्हणाली, मास्तर, कोंडू पालथा पडाया लागला, बगा की येऊन. मी म्हणालो, ते चित्र तिसरं आहे. ती हसली. काही लोकांना शिस्तीचं महत्त्व कळत नाही.

सूर्यनमस्कार सोमवारपासून. थंडीत स्नायू आखडतात.

२१ जानेवारी

पाळणा झाला. बाळ होईना. कितीही काढलं तरी छोटा म्हातारा दिसतो. शेवटी बाळांच्या दुधाच्या डब्यावरचं बाळ पाहून काढलं. गोरं, कुरळे केस, गुलाबी गाल. झकास उतरलं.

नूरबीचा नवरा लालमहंमद रात्रपाळी करून आला होता. तो पिंपरीला हमरस्त्यावर ट्रकची इंजिनं खोलतो. त्याने चित्र पाहिलं आणि म्हणाला, मास्तर, ह्ये सायबाचं पोर हाय, ह्याला आपल्या पाळण्यात झोप न्हाई लागायची. आणि म्हणाला, मॉडेल पायजे तर घरात हाय की राव, भिंतीपल्याड. मी त्याला सांगितलं की मॉडेल हललं तर चालत नाही. तो म्हणाला, इंजिन हलत असतानाच त्याचा आवाज कळतो. इंजिन आणि कला यांत फरक आहे. वाद घातला नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज नूरबीने पोराला न्हाऊ-माखू घालून, काजळ, तीट लावून माझ्यापुढे सतरंजीवर आणून ठेवलं. म्हणाली, काडा आता. आणि दारात बसून लसूण सोलत राहिली.

हात थांबला नाही. मुठी, पोटाची वळी, पायाचा अंगठा. असं स्केच आयुष्यात एकदाच उतरतं.

मग तो माझ्याकडे बघून हसला. हसताना शालनची डावी भुवई जशी वर जायची तशीच त्याची गेली. मी पेन्सिल खाली ठेवली. नूरबीला म्हणालो, घेऊन जा, मूड गेला. ती घेऊन गेली.

नंतर बराच वेळ काही केलं नाही. शालनचा फोटो नाही. लग्नात काढायचा राहिला, मग पुण्याला जाऊन काढू म्हणत गेलो. दर सुट्टीत काहीतरी निघायचं. मला तिची आठवण येते. हे लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

१५ फेब्रुवारी

गेलं नाही.

स्केच मात्र उत्तम आहे. ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलं. आता हेच बाळ बाराही चित्रांत वापरता येईल. पोराला पुन्हा पुन्हा तसदी नको.

११ मार्च

बारशाच्या चित्रात आई हवी. शालनचा चेहरा काढायला बसलो. भुवई आठवते, नाक आठवतं, हाताची बोटं तर स्पष्ट आठवतात, पण सगळं एकत्र ठेवलं की कुणी भलतीच बाई होते. सात कागद फाडले. जिच्याबरोबर सहा वर्षं जेवलो तिचा चेहरा कुठे जातो?

चहा तीन कप. आजच्यापुरते.

१९ मार्च

जमलं! टेबल खिडकीशी हलवलं, त्याचा परिणाम. खिडकीतून शेजारचं अंगण दिसतं. शेवग्याखाली नूरबी मुलांना तेल चोळत बसते, बांगड्यांचा एका लयीत आवाज येतो, त्याने एकाग्रता होते. दोन तासांत आईचा चेहरा उतरला. मूल मांडीवर आडवं, मान जराशी कललेली, ओठ मुडपलेले. शालन साक्षात. डोळ्यांत पाणी आलं.

बाप कुठे दाखवावा हा प्रश्न होता. विचारांती ठरवलं की दाखवायची गरज नाही. खुंटीवर टोपी काढली. कलेत सूचकता हवी.

४ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. एकट्याने उभारताना दोनदा पडली.

पुस्तक अजून झालेलं नाही. तीन चित्रं झाली. घाईत पोराला आणणं बरोबर नाही. घरी येईल तेव्हा पुस्तक त्याच्या हातात हवं, म्हणजे त्याला पहिल्यांदाच कळेल की हे आपलं घर, ही आपली आई. चित्रात सुरुवात चांगली तर पुढे सगळं सोपं जातं. तेव्हा, पहिल्या वाढदिवसाला. ऑगस्टमध्ये. कोंड्याचा रिवाजही तोच आहे. पाडव्याचं मी उगीचच ठरवलं होतं.

गिरणीतून सूपभर कोंडा आणून खाटेखाली ठेवला. म्हणजे माझी तयारी पूर्ण आहे.

२ मे

नूरबीने विचारलं, पोराला दात आला, बगितला का? म्हणालो, पाहीन. दाताचं चित्र पाचवं. मी अजून बसण्यावर आहे.

१३ जून

उष्टावणाचं चित्र सुरू. चांदीची वाटी, चौरंग, मामाच्या मांडीवर बाळ. फार सुंदर जमणार.

दुपारी कळलं की नूरबीने पोराला केव्हाच वरणभात भरवायला सुरुवात केली आहे. सगळ्यांच्या देखत, जर्मनच्या ताटलीत. मी जाऊन बोललो. म्हणालो, उष्टावण हा संस्कार आहे, तो असा उरकायचा नसतो. ती म्हणाली, मास्तर, पोरगं भुकेलं व्हतं. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण पोर माझ्या धोतराचा काठ धरून चोखू लागलं आणि मी निघून आलो.

धोतर धुतलं नाही. काठाला भात आहे. उद्या धुईन.

२१ ऑगस्ट, चि. विद्याधरचा पहिला वाढदिवस

दुर्गाअक्का तळेगावहून आली. माझी थोरली बहीण. नूरबीच्या घरचं खाणं तिला पटत नाही, पण भाच्याचे गाल पाहून त्याबद्दल अक्षर बोलली नाही. म्हणाली, चल, ऊठ, घे ते सूप.

सूप घेतलं. टोपी घातली. शेजारी गेलो. लालमहंमदने आज खाडा केला होता.  जमिला एकटीच टाळ्या वाजवत होती. नूरबीने पोराला धुऊन पुसून नवं झबलं घातलं होतं. तिने स्वतःच ते शिवलं होतं. ती उभी राहिली, पोर पुढे केलं. त्याने दोन्ही मुठींत तिचा पदर धरला आणि तोंड तिच्या खांद्यात खुपसलं.

मी म्हणालो, सव्वा वर्षाने नेतो. शास्त्रात सव्वा वर्ष जास्त शुभ. आणि घरी आलो.

अक्का मागोमाग आली. शास्त्र कुठलं ते दाखव म्हणाली. मी म्हणालो, पुस्तक व्हायचं आहे. ती म्हणाली, तुझं पुस्तक चुलीत घाल, पोर तुला ओळखेनासं होईल. आणि म्हणाली, शालन असती तर. तेवढ्यावर ती थांबली. चारच्या गाडीने गेली. जाताना माझ्यासाठी आणलेले लाडू शेजारी देऊन गेली.

बायकांना घाई फार. ओळखेनासं कसं होईल? सख्खा बाप आहे मी.

कोंड्याचं सूप पुन्हा खाटेखाली.

२४ ऑक्टोबर

जावळाच्या चित्रावर अडकलो होतो, ते बाजूला ठेवून सरळ दहावं घेतलं. पहिलं पाऊल. सगळ्या पुस्तकाचा प्राण म्हणजे हे चित्र. आई हात पसरून बसलेली, बाळ तिच्याकडे येतंय. तोल कसा दाखवावा? ट्रेसिंगमधलं बाळ आडवं आहे. ते उभं केलं तर भिंतीला टेकवून ठेवलेलं गाठोडं वाटतं.

सकाळपासून एकाग्र होतो आणि शेजारी हा गोंगाट! टाळ्या काय, हसणं काय, लालमहंमदची शिट्टी काय. अर्धा तास सहन केलं. मग खिडकीतून मोठ्याने सांगितलं की इथे महत्त्वाचं काम चालू आहे, शांतता हवी. लगेच शांत झाले. सुसंस्कृत माणसं आहेत तशी.

सायंकाळी

लालमहंमद येऊन सांगून गेला. पोरगं चाललं. शेवग्यापासून उंबऱ्यापर्यंत, कुणाचा हात न धरता. म्हणाला, तुमाला हाक मारनार व्हतो मास्तर, पन तुमी शांतता म्हनलात.

ठीक आहे. एकदा चालायला लागलं की पोर रोजच चालतं. त्यात काय.

२५ ऑक्टोबर

खिडकीतून पाहिलं. चालतो. पाय फाकवून, पोट पुढे काढून. चित्र बदलावं का असा विचार आला. नाही, पुस्तकातलं बाळ ठरलेलं आहे.

१ जानेवारी १९५५

नवं वर्ष, नवा माणूस. पहाटे पाचला उठणे. सूर्यनमस्कार. चहा एकच कप. पाडव्याला पुस्तक पुरं, पाडव्यालाच चि. विद्याधर घरी. या वेळी गंमत नाही.

सव्वा वर्षाचा मुहूर्त नोव्हेंबरात होता. सहामाहीचे पेपर होते. शिक्षकाला मुहूर्त कुठले?

६ फेब्रुवारी

रस्त्यात माझ्यासमोर आला. जमिलाचा हात धरून. अंगात लालमहंमदचा जुना सदरा कापून केलेला कुडता. मला पाहून थांबला आणि म्हणाला, मात्तर.

पहिला शब्द हा नसावा. आधी बरेच झाले असतील. पण मला उद्देशून म्हटलेला हा पहिलाच. उच्चार जवळजवळ स्पष्ट आहे. हुशार निघणार.

सगळीच मुलं मला मास्तर म्हणतात. त्याने वेगळं म्हणावं असं त्याला कुणी सांगितलं असणार?

१३ मार्च, पुणे

नऊ चित्रं घेऊन रंगरावांच्या छापखान्यात गेलो. माझे जुने ओळखीचे. शाळेची प्रगतिपुस्तकं तेच छापतात. त्यांनी चष्मा लावून सगळी चित्रं टेबलावर ओळीने मांडली. बराच वेळ बघत राहिले. मी मनात पहिल्या आवृत्तीचा आकडा धरला होता.

म्हणाले, आई अप्रतिम आहे हो. असा जीव असलेला चेहरा मी छापलेला नाही. मॉडेल कोण? मी म्हणालो, आठवणीतून. म्हणाले, कपाळावर कुंकू द्यायचं राहिलंय तेवढं. एकाही चित्रात नाही. आणि कानांत या बाळ्यांची ओळ, ही आपल्यात घालतात का? मी म्हणालो, नजरचूक.

मग म्हणाले, पण मास्तर, नाव ‘बाळ मोठं होतं’ आणि बाळ तर पहिल्या चित्रात जेवढं आहे तेवढंच नवव्यात. मोठं होतंय कुठे? मी कलात्मक एकसूत्रीपणा समजावला. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, बाप कुठेय? मी टोपी दाखवली. ते म्हणाले, लहान पोराला टोपी बघून काय कळणार? टोपी कुणाचीही असते.

रंगराव चांगला माणूस आहे, पण अखेर प्रगतिपुस्तकंच छापणार.

गाडीत नऊ चित्रं मांडीवर होती. पाहिली नाहीत.

१४ मार्च

सगळ्या आयांना कुंकू लावलं. आता अगदी शालन.

बाळ्या तशाच ठेवल्या. खोडल्या तर कागद सोलतो.

पाडवा आला आणि गेला (तारीख पाहिली नाही)

गुढी उभारली नाही. पडते.

५ जून

लालमहंमद आला होता. खाली मान घालून बसला. नगरकडे एका साखर कारखान्यात त्याला इंजिनवर कायमची नोकरी मिळाली आहे. राहायला खोलीही देतात. वीस तारखेला सामानाचा ट्रक सांगितला आहे. मी अभिनंदन केलं. त्याने मान वर केली. मग म्हणाला, मास्तर, कोंडूचं काय?

मी म्हणालो, कोंडूचं काय म्हणजे? विद्याधर घरी येणार. कधीचं ठरलेलंच आहे.

तो व्हय म्हणाला. उठताना दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिला. म्हणाला, नूरबीला मी अजून सांगितलं न्हाई. तुमी आधी घिऊन जावा. मग सांगतो.

आता माघार नाही. बारा तारखेला रविवार आहे. त्या दिवशी कोंडा द्यायचा आणि मुलगा आणायचा. उरलेली तीन चित्रं आठवड्यात.

९ जून

पिंपरी कॅम्पातून छोटी ताटली, पेला, टोपडं आणलं. दुकानदाराने विचारलं, पोरगा केवढा आहे? मी हाताने दाखवलं. तो म्हणाला, मग दोन वर्षांच्या पोराला टोपडं कशाला, येवढं तर तान्ह्याला होतं. परत दिलं. गोल टोपी घेतली.

घर झाडलं. त्याची झोपायची जागा माझ्या खाटेशेजारी केली. तिथे शालन निजायची. गादीला ऊन दाखवलं. रवा आणला. शिरा करायला शिकलो, खाली लागला, पण वरचा चांगला होता.

मी खूश आहे. 

११ जून

बारा चित्रं पुरी. दोऱ्याने शिवली, वर पुठ्ठा. पुस्तक! रंगरावांशिवायही पुस्तक होतं. शाळेच्या चित्रात बाळ पाटीपेक्षा लहान आहे, पण पाटी मोठी मिळते बाजारात.

१२ जून, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

नूरबीला कालच कळलं असावं. डोळे सुजले होते. तरी तिने स्वतः पोराला कडेवर घेऊन माझ्या दारात आणलं. मी खाटेखालचं सूप ओढू लागलो, तर ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या मास्तर, कोंडा मागनं द्या. आदी लेकरू रमू द्या. त्याला माझ्या सतरंजीवर बसवलं आणि ती मागे न बघता गेली.

तो बसला. माझ्या टोपीकडे बघत होता. मी शिरा दिला. खाल्ला. दोन वेळा मागून खाल्ला. मी मनात म्हणालो, एवढंच तर होतं. उगीच दीड वर्ष घाबरलो.

मग पुस्तक घेतलं, त्याला मांडीवर घेतलं. पहिल्यांदाच घेतलं. जड आहे. डोक्याला खोबरेल तेलाचा वास येतो. पहिलं पान उघडलं. पाळण्याकडे त्याने पाहिलं नाही. दुसरं पान. बारसं, आई. त्याने लगेच बोट ठेवलं आणि ओरडला, अम्मा!

मी म्हणालो, नाही बाळा, ही आई. तुझी आई. तो म्हणाला, अम्मा. पान उलटलं. अम्मा. पुन्हा उलटलं. अम्मा. प्रत्येक पानावर तो हसत होता, भुवई वर जात होती. मग त्याला ते कुंकू दिसलं. त्याने जिभेला बोट लावलं आणि कुंकू पुसायला लागला. मन लावून, जसं तोंडाला लागलेलं काही पुसतात तसं. लाल रंग कपाळभर पसरला आणि मग निघाला. खाली नूरबी होती. कललेली मान, मुडपलेले ओठ, कानातल्या बाळ्या. सगळी नूरबी. शालन कुठल्याच पानावर नव्हती. एका भुवईतसुद्धा नाही.

ते पुस्तक मी त्याला त्याची आई दाखवायला केलं होतं. त्याने मला दाखवली.

त्याने शेवटपर्यंत पानं उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून. काहीतरी शोधत होता. माझ्याकडे वळून विचारलं, अब्बा कुटंय? मी खुंटीवरच्या टोपीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, टोपी. बरोबर आहे. टोपीच आहे.

मग मांडीवरून उतरला. दारापाशी गेला. कडी वर होती, हात पोचेना. रडला नाही. वळून म्हणाला, मात्तर, घली. त्याला घरी जायचं होतं.

मी कडी काढली. फक्त दुपारच्या झोपेपुरतं.

१५ जून

झोप लांबली. अजून तिकडेच आहे.

१७ जून

विचार केला. शांतपणे, दोन्ही बाजू बघून. पुस्तक चुकलं आहे हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. बाळ मोठं होत नाही, आईचं काही जमलेलं नाही, बाप नाही. असं पुस्तक देऊन मुलाला घरी ठेवून घेणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. सगळं नव्याने करायला हवं. चार-सहा महिने लागतील. तोवर त्याची आबाळ नको.

सायंकाळी जाऊन नूरबीला म्हणालो, आत्ता तुमच्याबरोबर न्या. दिवाळीला मी स्वतः येतो, कोंडा घेऊन, त्याला आणायला. तात्पुरतं. ती भाकरी थापत होती. हात थांबला. मला वाटलं, ती हो म्हणेल किंवा रडेल. ती म्हणाली, मास्तर, लेकरू काय भांडं हाय का, आज न्या, उद्या आना? मी म्हणालो, तसं नव्हे. तिने पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, तुमी त्याला एकदा तरी उचलून घिऊन चाला की वो घरी. आमी आडवं येनार न्हाई.

तो तिथेच होता. जमिलाच्या ताटलीतलं खात होता. चार पावलांवर.

मला उचलता आलं असतं. मी म्हणालो, दिवाळीला.

तव्यावरची भाकरी करपली. तिने ती काढली आणि दुसरी थापायला घेतली. 

२० जून, सायंकाळी

ट्रक सकाळी येणार होता. मला शाळेत लवकर जाणं भाग होतं. नव्या तुकड्या, खडूंचे खोके, बरीच कामं. शाळा अकराची, मी सहाला निघालो. शिपाई यायचा होता, पायरीवर बसून राहिलो. नवाच्या सुमारास एक ट्रक हमरस्त्याने गेला. त्यात सामान होतं. तोच असेल असं नाही.

परत आलो. शेजारचं दार उघडं, आत काही नाही. अंगण झाडून, सडा घालून गेले.

माझ्या उंबऱ्यावर सूप होतं. ओळखलं. कोपऱ्याला शालनने शिवलेली तांबडी चिंधी. पाचवीला याच सुपात घालून त्याला दिला होता. सुपात बाजरी. काठापर्यंत भरलेली, निवडलेली, खडा नाही.

मायाळू बाई. एकट्या माणसाची भाकरीची सोय करून गेली, असं वाटलं. तसंच असणार.

आत येऊन खाटेखालचं माझं सूप ओढलं. कोंड्याला जाळी धरली आहे. अळ्या आहेत. सव्वा वर्ष तो तिथेच होता, हाताच्या अंतरावर, आणि शेजारचं दार त्याहून फार लांब नव्हतं. मला नुसता कोंडा द्यायचा होता. तिने बाजरी दिली.

बाजरी डब्यात भरून ठेवली. दळायला देणार नाही. ती खाल्ली की सौदा पुरा होतो. दिवाळीला डबा तसाच घेऊन जायचं आणि परत करायचा. गाव कुठलं ते लालमहंमदला विचारायचं राहिलं, पण साखर कारखाना म्हटल्यावर सापडेल.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे. चित्र पहिलं, पाळणा. आता शेजारी कसलाच आवाज नाही. काम करायला पाहिजे तेवढी शांतता आहे.